मागच्या चाकांना ताकद कुठून येते?

मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा २०२२ साली बाजारात आली तेव्हा तिच्या किमतीच्या पत्रकात एक कोडं होतं. गाडीत हायब्रिड यंत्रणा मिळत होती आणि चारही चाकांना ताकद देणारा ऑल-व्हील ड्राइव्हही मिळत होता, पण दोन्ही एकाच गाडीत मिळत नव्हते. लिटरमागे २७.९७ किलोमीटरचा अधिकृत आकडा असलेली स्ट्राँग हायब्रिड फक्त पुढच्या चाकांवर चालायची. चारही चाकं चालवणारी गाडी हवी असेल तर साधं पेट्रोल इंजिन, त्याला माइल्ड हायब्रिडची नावापुरती जोड आणि १९.३८ चा आकडा पदरात घ्यावा लागे. तेच इंजिन, तोच हाताने टाकायचा गिअर, पण ताकद फक्त पुढच्या चाकांना, असं असलं की आकडा २१.११ होई. म्हणजे मागच्या चाकांपर्यंत ताकद पोचवण्यासाठी इंधनाच्या हिशेबात आठ टक्के मोजावे लागत होते. टोयोटाच्या हायरायडरमध्येही हीच वाटणी होती. ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या पावसात गाडी घालणाऱ्या, रोज चाकणच्या चौकात तासभर अडकणाऱ्या आणि शनिवारी भीमाशंकरच्या बाजूला शेतावर जाणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टी एकत्र हव्या असतात. त्या एकत्र येऊ नयेत असं यंत्रशास्त्रात काहीही नाही. उलट चारही चाकांना ताकद देण्याचा सर्वांत सरळ मार्ग हायब्रिड गाडीतच सापडतो. त्यासाठी लागणारं बरंचसं कसब भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात हजर आहे. आपल्याकडे अशी गाडी परवडणाऱ्या किमतीत नाही, याचं कारण बाजाराच्या आणि कराच्या गणितात आहे. ते गणित बदलायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आधी जुनी रीत पाहू, कारण ती याच पट्ट्यात घडली आहे. इंजिन पुढे असतं. मागच्या चाकांना ताकद द्यायची तर गाडीच्या पोटाखालून एक लांब शाफ्ट मागे न्यावा लागतो. भक्कम जीपसारख्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवतात. ती ताकदीचे दोन वाटे करते आणि लो रेंजमध्ये टाकली की वेग कमी करून ओढ कित्येक पटींनी वाढवते. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनमध्ये ही सोय आहे. दुसरी रीत शहरी एसयूव्हीची. इंजिन आडवं, ताकद मुळात पुढच्या चाकांना, आणि गरज पडली की मागच्या डिफरन्शियलपाशी असलेला अनेक प्लेटांचा क्लच आवळून थोडी ताकद मागे द्यायची. २०११ साली चाकणच्याच कारखान्यातून आलेली एक्सयूव्ही ५००, पुढे एक्सयूव्ही ७०० आणि ग्रँड व्हिटारा या तिन्ही गाड्यांचा ऑल-व्हील ड्राइव्ह या जातीचा. भोसरीच्या एमआयडीसीतली दिवगी टॉर्कट्रान्सफर सिस्टिम्स ही कंपनी नेमक्या याच दोन वस्तू बनवते, ट्रान्सफर केस आणि टॉर्क कपलर. १९६४ साली धातुकामापासून सुरुवात, १९९५ पासून बोर्गवॉर्नर या अमेरिकी कंपनीशी भागीदारी, पुढे पुन्हा स्वतंत्र वाटचाल आणि मार्च २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदणी, असा तिचा प्रवास. टाटा आणि महिंद्रा हे दोघेही तिचे ग्राहक.

या यांत्रिक रीतीत एक मूळची अडचण आहे. वळणावर पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणून त्यांना जास्त फिरावं लागतं. पुढचा आणि मागचा आस एकमेकांना घट्ट बांधला, तर कोरड्या डांबरावर वळताना शाफ्टमध्ये पीळ भरत जातो आणि शेवटी टायर घासून तो पीळ सुटतो. एकाच जूला जुंपलेल्या दोन बैलांपैकी एकाने मोठा फेरा मारायचा असला की जू अडतं, तसंच हे. क्लचच्या प्लेटा थोड्या घसरू दिल्या की ही अडचण सुटते, पण घसरणं म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे वाया गेलेलं इंधन. पुढचे टायर नवे आणि मागचे झिजलेले असले तरी क्लचला सतत थोडं घसरत राहावं लागतं. शिवाय शाफ्ट, काटकोनात वळवणारे गिअर आणि मागचं डिफरन्शियल यांचं वजन रोज वाहायचं, वर्षातल्या त्या मोजक्या निसरड्या दिवसांसाठी. ग्रँड व्हिटाराच्या आठ टक्क्यांचा उगम यातच आहे.

आता हायब्रिडकडे वळू. हायब्रिड हा शब्द जाहिरातींनी फार सैल करून टाकला आहे. विजेची मोटर गाडीत कुठे बसवली आहे यावर सगळं अवलंबून असतं. ती इंजिनाला पट्ट्याने किंवा थेट जोडलेली असेल तर इंजिनाला हातभार लावते, थांबलेलं इंजिन झटकन सुरू करते, ब्रेक लावताना थोडी वीज परत घेते. चारही चाकांची वाटणी मात्र जुनीच राहते. चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीज-बेंझच्या जीएलसीमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये ४८ व्होल्टची मोटर आहे. ती १७ किलोवॅट आणि २०० न्यूटन-मीटरची भर घालते, पण मागची आणि पुढची चाकं तिथेही लोखंडानेच जोडलेली आहेत. पुण्याच्या केपीआयटी आणि भारत फोर्ज यांनी २०१० साली जाहीर केलेला रेव्होलो हा संच याच कुळातला होता. चालू गाडीच्या इंजिनाला बाहेरून मोटर जोडून ती हायब्रिड करायची, अशी ती कल्पना. ती रस्त्यावर सर्रास दिसणारी वस्तू झाली नाही. तरी टोयोटाच्या हायब्रिड आपल्या रस्त्यांवर दुर्मीळ असण्याच्या काळात हिंजवडी आणि मुंढव्याची माणसं मोटर, बॅटरी आणि त्यांचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर यांचा मेळ घालत होती, ही नोंद या पट्ट्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत असायला हवी.

खरा फरक पडतो तो मोटर मागच्या आसावर बसवली की. टोयोटाने जून २००१ मध्ये जपानमध्ये एस्टिमा हायब्रिड आणली तेव्हा हे करून दाखवलं. पुढे इंजिन आणि त्याच्या सोबतच्या मोटरी. मागे स्वतंत्र मोटर, वेग उतरवणारे गिअर आणि डिफरन्शियल. दोहोंना जोडणारा शाफ्ट नाही, फक्त जाड तारा. कंपनीने या रचनेला ई-फोर असं नाव दिलं. २०१९ च्या आरएव्ही-४ हायब्रिडमध्ये मागची मोटर ४० किलोवॅटची आणि १२१ न्यूटन-मीटरची आहे, आणि गरज पडली तर एकूण ओढीचा ८० टक्क्यांपर्यंतचा वाटा ती मागच्या चाकांकडे नेऊ शकते. वीज दोन ठिकाणांहून येते. एक बॅटरी, आणि दुसरं म्हणजे इंजिनावर फिरणारं जनित्र. स्ट्राँग हायब्रिडमध्ये हे जनित्र मुळातच असतं. पुढच्या चाकांची मोटर आणि इंजिन यांची सांगड घालण्यासाठी ते ठेवलेलं असतं. म्हणजे मागच्या मोटरसाठी नवं वीजघर उभारायचं नाही, असलेल्या वीजघरातून आणखी एक तार ओढायची. चाक घसरतंय हे कळल्यावर क्लच आवळेपर्यंत जो क्षण जातो तोही इथे वाचतो, कारण मोटरमधला प्रवाह काही हजारांश सेकंदांत बदलतो. वळणावर पीळ भरण्याचा प्रश्न उरतच नाही. टायर कमीजास्त झिजले तरी बिघडत नाही. ब्रेक लावताना मागचा आसही वीज परत करतो. अमेरिकी सरकारी चाचणीत ही चार चाकं चालवणारी हायब्रिड गॅलनमागे ४० मैल गेली, तर त्याच गाडीची पुढची दोनच चाकं चालवणारी पेट्रोल आवृत्ती ३० मैल; आपल्या हिशेबात अनुक्रमे सुमारे १७ आणि पावणेतेरा किलोमीटर. चार चाकांची ताकद आणि इंधनबचत एकमेकींच्या विरोधात असतात ही समजूत हे आकडे पुरती मोडून काढतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की मागची मोटर लहान असते, ती भरलेली गाडी काय ढकलणार? आक्षेप रास्त वाटतो, म्हणून आकडेमोड करून पाहू. माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलोची आहे. समोर शेवाळलेला, ओला चढ आहे. दर पाच मीटरला एक मीटर उंची. वर चढायला सुमारे ३१५ किलोची ओढ लागते, चाकांच्या फिरण्यातला विरोध धरून ३४०. चढावर वजन मागे सरकतं, त्यामुळे पुढच्या चाकांवर निम्मंच, साधारण ७८० किलो वजन राहतं. अशा निसरड्या पृष्ठभागावर टायर आपल्यावरच्या वजनाच्या सुमारे ३० टक्केच ओढ पेलतो, म्हणजे पुढची चाकं २३५ किलोच्या पुढे गेली की जागच्या जागी फिरणार. इंजिन १०० अश्वशक्तीचं असो की २००, फरक शून्य. कमी पडतात ते १०५ किलो, आणि मागच्या चाकांकडे तेवढी पकड हाताशी आहे. ताशी १० किलोमीटरच्या वेगाने हे १०५ किलो ढकलायला लागणारी शक्ती आहे ३ किलोवॅटच्या आत, म्हणजे चार अश्वशक्ती. घाटातली गाडी बहुतेक वेळा अडते ती पकड दोनच चाकांवर मागितल्यामुळे. ताकद तिच्यात भरपूर असते. टोयोटाने २०१९ मध्ये अमेरिकेत प्रियसच्या मागच्या आसावर फक्त ५.३ किलोवॅटची मोटर बसवली, तीही ताशी ७० किलोमीटरनंतर गप्प बसणारी, त्यामागे हाच हिशेब आहे. ती इंडक्शन मोटर होती. तिच्यात कायमचे चुंबक नसल्याने प्रवाह बंद केला की ती चाकांना मागे खेचत नाही. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. शक्ती पुरेल, पण किती वेळ? गाडी पुढे सरकत असेल तर मोटर फिरते आणि थंड राहते. खोल चिखलात किंवा वाळूत चाक अडून बसलं, वेग जवळजवळ शून्य असला आणि चालक पाय दाबून राहिला, तर पूर्ण प्रवाह मोटरच्या थोड्याच वेटोळ्यांतून वाहतो आणि उष्णता झपाट्याने चढते. मग संगणक मोटर वाचवण्यासाठी प्रवाह कमी करतो, आणि नेमकी गरज असते तेव्हाच मागची चाकं हात आखडता घेतात. बॅटरीचं भय मात्र फुगवून सांगितलं जातं. ग्रँड व्हिटारा स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी फक्त ०.७६ किलोवॅट-तासाची आहे. तिच्यातली निम्मीच वीज वापरायची ठरवली तरी ३ किलोवॅटची मोटर सात-आठ मिनिटं चालेल, आणि तेवढ्यात इंजिन जनित्र फिरवत असतंच. वरच्या चढाला त्याच वेगाने चारही चाकांना मिळून सुमारे सव्वानऊ किलोवॅट लागतात. त्या गाडीच्या दीड लिटरच्या इंजिनात ६८ आहेत. पण तासन्‌तास दगडधोंड्यांत आणि नदीपात्रात गाडी घालणाऱ्याने, वनखात्याच्या किंवा खाणीच्या कामाला गाडी घेणाऱ्याने स्कॉर्पिओ-एनसारखी लो रेंजची, लोखंडाने बांधलेली गाडीच घ्यावी. तिथे इंजिनाची सगळी ताकद हव्या त्या आसावर नेता येते. लहान मोटरवाल्या हायब्रिडला ते जमत नाही. मित्सुबिशीने २०१३ च्या आउटलँडर प्लग-इन हायब्रिडमध्ये पुढे आणि मागे प्रत्येकी ६० किलोवॅटची मोटर देऊन ही मर्यादा बरीच कमी केली, पण त्यासाठी मोठी बॅटरी घ्यावी लागली आणि किंमतही वाढली.

याच पट्ट्यातला सर्वांत बोलका पुरावा पिंपरीचा आहे, आणि तो हायब्रिडचाही नाही. १९९८ ची टाटा सफारी ट्रान्सफर केसवाली फोर बाय फोर मिळायची. जानेवारी २०१९ मध्ये आलेली हॅरियर लँड रोव्हरच्या डी-८ या चासीच्या रचनेवरून घडवलेली होती. त्या रचनेत चारही चाकांची सोय मूळचीच, तरी हॅरियर आली ती फक्त पुढच्या चाकांवर चालणारी. शाफ्ट, कपलर आणि मागचं डिफरन्शियल घालून येणारी किंमत त्या गिऱ्हाइकाकडून निघणार नाही, असा हिशेब त्यामागे असणार हे सहज समजतं. मग जून २०२५ मध्ये हॅरियर ईव्ही आली आणि हॅरियरला पहिल्यांदा चारही चाकांची ताकद मिळाली. पुढे ११६ किलोवॅटची इंडक्शन मोटर, मागे १७५ किलोवॅटची कायम चुंबकाची मोटर, मिळून ५०४ न्यूटन-मीटर, आणि मध्ये शाफ्ट नाही. जी गोष्ट लोखंडाने सहा वर्षं परवडली नाही ती विजेने परवडली. चाकणला जुळवल्या जाणाऱ्या मर्सिडीजच्या ईक्यूएस ५८० मध्येही हीच रचना आहे. पुढची-मागची वाटणी मिनिटाला १० हजार वेळा तपासली जाते, असं कंपनी सांगते.

मग हायब्रिडचा मधला टप्पा हवाच कशाला, थेट विजेची गाडी घ्या, असं कुणी म्हणेल. चार्जरची सोय असलेल्या सोसायटीत राहणाऱ्यासाठी हे उत्तर बरोबर आहे, आणि त्याने ते ऐकावं. पण हॅरियर ईव्हीची चारही चाकांची आवृत्ती आली ती २८.९९ लाखांना, तर ग्रँड व्हिटाराची ऑल-व्हील ड्राइव्ह सुमारे १७ लाखांपासून सुरू झाली होती. या दोन किमतींच्या मधल्या जागेत महाराष्ट्रातलं मोठं गिऱ्हाईक उभं आहे. त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी रात्री रस्त्याकडेला उभी राहते आणि आठवड्याला एकदा कोकणात किंवा घाटमाथ्यावर जाते. ७५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीऐवजी एक किलोवॅट-तासाची बॅटरी आणि मागे लहानशी मोटर, एवढ्यावर त्यांची गरज भागते. हायब्रिड हा शेवटचा मुक्काम आहे असं माझं म्हणणं नाही, पण पुढची अनेक वर्षं ती या लोकांची गाडी असणार आहे.

बहुतेकांना चारही चाकांची ताकद लागतच नाही, हा तिसरा आक्षेप. तो मला अर्धा मान्य आहे. ऑल-व्हील ड्राइव्हने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, आणि ओल्या उतारावर जीव वाचतो तो टायरची नक्षी आणि कमी वेग यांमुळे. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंच्या चाकांना सारखीच ओढ देतं, त्यामुळे एक चाक हवेत फिरू लागलं की दुसऱ्यालाही काही मिळत नाही. घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला ताकद देणारी स्थिरता-प्रणाली नसेल तर चार चाकांच्या ताकदीचा निम्मा उपयोग वाया जातो. ही प्रणाली प्रत्येक गाडीत असावी, आधी ती, मग मागची मोटर, हा क्रम मी आग्रहाने सांगेन. पण पावसाळ्यात गावाकडच्या पाणंद रस्त्यावर चिखलातून निघणं, बंगल्याच्या उताराच्या फाटकातून ओल्या फरशीवर गाडी वर काढणं, घाटात थांबलेल्या रांगेतून पुन्हा चढावर सुटणं, हे प्रसंग काही मोजक्याच लोकांवर येतात असं नाही. तिथे लागते ती चार-पाच किलोवॅटची मदत, काही सेकंदांसाठी. एवढ्यासाठी रोज शाफ्ट वाहणं उधळपट्टी ठरेल. मोटर ठेवणं ठरणार नाही, कारण ती उरलेले दिवस ब्रेकची वीज परत मिळवते.

कारागिरांच्या बाजूने येणारा आक्षेप मी सर्वांत गंभीरपणे घेतो. शाफ्ट गेला, ट्रान्सफर केस गेली, तर भोसरी, चिखली, तळवडे इथल्या शेडमध्ये गिअर कापणाऱ्या, फोर्जिंग घासणाऱ्या माणसाचं काय? त्याचं काम संपत नाही, बदलतं. मागची मोटर मिनिटाला हजारो फेरे फिरते; ते फेरे चाकाच्या वेगाला आणायला दहास एक अशा प्रमाणाचे गिअर लागतात. आणि विजेच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसतो, त्यामुळे गिअरच्या दातातली किंचित चूकही कानाला टोचते. म्हणजे गिअर संख्येने कमी होतील, पण अधिक काटेकोर लागतील. दिवगीसारख्या कंपनीने ट्रान्सफर केससोबत विजेच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम हाती घेतलं आहे, ते याच दिशेने. ज्या लहान शेडकडे दात घासण्याचं आणि मोजण्याचं नवं यंत्र घ्यायला भांडवल नाही, तिच्यावर मात्र खरंच संकट आहे, आणि त्याला उत्तर बँकेचं कर्ज आणि सामाईक चाचणी-केंद्र हेच आहे. मंचरच्या किंवा राजगुरुनगरच्या गॅरेजवाल्याचीही तीच गोष्ट. क्लचच्या प्लेटा तो बदलू शकतो, पण शेकडो व्होल्टच्या नारिंगी तारांना प्रशिक्षणाशिवाय हात लावणं जिवावरचं काम आहे. आयटीआयमध्ये हे शिक्षण सर्रास पोचेपर्यंत हायब्रिडची दुरुस्ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्याच ताब्यात आणि महाग राहील.

आता कराचं गणित. २२ सप्टेंबर २०२५ पासून विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे, आणि चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर ४० टक्के, म्हणजे तेवढ्याच लांबीच्या साध्या पेट्रोल किंवा डिझेल एसयूव्हीइतकाच. पूर्वी हायब्रिडवर ४३ आणि मोठ्या एसयूव्हीवर ५० टक्के होता; तो सात टक्क्यांचा फरकही आता पुसला गेला. लिटरमागे २८ किलोमीटर जाणारी गाडी आणि १४ जाणारी गाडी सरकारच्या लेखी सारख्या ठरल्या, तर कंपनी आधीच महाग असलेल्या हायब्रिडमध्ये मागची मोटर घालण्याचं धाडस का करील? कर गाडीच्या लांबीवर आणि इंजिनाच्या आकारावर न लावता जळणाऱ्या इंधनावर लावला, तर हे गणित आपोआप सुटेल. टोयोटाने जुलै २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरला सुमारे २० हजार कोटींच्या कारखान्यासाठी महाराष्ट्र सरकारशी करार केला, तो हायब्रिड आणि विजेच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवूनच. त्या कारखान्याला लागणारे मागचे आस चाकण-भोसरीतून जावेत, यासाठी आत्ताच बोलणी व्हायला हवीत.

आणि एक मागणी पुण्याकडेच आहे. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेची स्थापना १९६६ ची. चाकणलाही तिचं केंद्र आहे, आणि वाहनांच्या एआयएस मानकांचे मसुदे करणाऱ्या समितीचं सचिवालय तिच्याकडे आहे. आज इंधनाची चाचणी सपाट रुळांवर, ताशी ९० किलोमीटरच्या आत होते; मागची चाकं निसरड्या चढावर किती ओढतात, आणि किती वेळ, हे तिच्यात कुठेच दिसत नाही. ऑल-व्हील ड्राइव्ह ही अक्षरं मागच्या दारावर लावायची तर कंपनीने तीन आकडे जाहीर करावेत: मागचा आस सलग दहा मिनिटं किती ओढ देतो, कोणत्या वेगापर्यंत देतो आणि बॅटरी तळाला गेल्यावर त्यातली किती उरते. एआरएआयने अशा मानकाचा मसुदा मांडावा. तोवर गाडी बघायला जाणाऱ्या प्रत्येकाने शोरूममध्ये हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर लेखी मागावं.